चोळू नकोस, कारण लिहिते

डिचोली,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

सौ. रूपाली हिस,

अनेक आशीर्वाद. इकडील सर्व ठीक, तिकडेही तसंच असो, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. तिकडे ठीक नाही हे मला काल कळलं, म्हणून तर हे पत्र.

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच परत पाठवशील या धास्तीने वरचं नाव परेशकडून लिहून घेतलं. उघडलंच आहेस तर आता वाच. तीन वर्षांत तुझ्या या नणंदेने तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज दहा मिनिटं मागते.

काल शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेले होते. सुक्या मासळीतली सुंगटं घेऊन बस स्टँडकडे वळते तो परेश समोर. काखेत मेणकापडाची गुंडाळी, पिशवीत पावडरचे दोन मोठे डबे. एकतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईला त्यानंतर विचारायला काय उरतं? "कोण पडलां रे?" एवढंच म्हटलं. आधी म्हणाला, कोण नाय. माझा भाऊ खोटं बोलायला लागला की कान चोळतो. कान चोळून झाल्यावर म्हणाला, "सासूमाय. लकवो मारलो. महिनो झालो खाटीर आसा. रूपाली सर्वणाकच रवता." आणि मग मी न विचारताच पुढे, "दिसाक तीनदा स्पिरिट लावन पाठ चोळता. तू शिकयलंस तसाच, ताई."

त्याला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल.

जानकीबाईंना असं व्हावं याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्या लग्नात वरपक्षाच्या सगळ्या बायकांना त्यांनी स्वतः वाढलं होतं, मला अजून आठवतं. सर्वण माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मी कालच येऊ शकले असते. का आले नाही ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या बाराव्याला तू म्हणालीस, "ह्या बायेचो हात परत माज्या माणसाक लागता नये." तो शब्द मी पाळते आहे. हात लावत नाही, नुसतं लिहिते.

आता थोडं माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मेमध्ये मी निवृत्त होणार. तोवर शांतपणे दिवस काढावेत तर आमच्या वॉर्डात सेजल नावाची नवी सिस्टर आली. वॉर्डात रोज सकाळी आम्ही पडून असलेल्या पेशंटांची पाठ करतो हे तुला माहीत आहे. स्पिरिट, पावडर आणि तळहाताने गोल गोल चोळणं. मी शिकले तेव्हा हेच शिकवलं आणि मी शंभर तरी मुलींना हेच शिकवलं. तर ही सेजल मला चार पेशंटांसमोर म्हणते, "सिस्टर, मी चोळूचंय नाय. आमकां कॉलेजांत नाका म्हूण शिकयलां." मी काय काय बोलले असेन ते तुला सांगायला नको, तुला माझं तोंड माहीत आहे. शेवटी म्हणाले, थांब, तुला छापील दाखवते.

त्याच सुमारास आम्हाला खात्यातर्फे एका ऑनलाइन लायब्ररीचं लॉगिन मिळालं होतं. जगभरातलं आजारपणावरचं संशोधन त्यात वाचता येतं. प्रत्येक वॉर्डाने आपल्या रोजच्या कामातली एक गोष्ट घ्यायची आणि तिला आधार काय ते शोधून सगळ्यांपुढे मांडायचं, असा हुकूम आहे. बाकीच्यांनी नाकं मुरडली. मी हात वर केला. विषय: पाठ. हेतू: सेजलचं तोंड बंद करणं.

पहिल्याच दिवशी मला माझ्या बाजूचा लेख मिळाला. चोळल्याने रक्ताभिसरण सुधारतं, कातडी टिकते, असं साफ लिहिलं होतं. पण लायब्ररीत मदतीला गौरवी म्हणून एक आहे, फोंड्याची, ती अजून त्यावर शिक्का मारत नाही. म्हणते, आणखी शोधा. तेव्हा शोध चालू आहे, अपुरा आहे.

मुद्द्याचं एवढंच. जानकीबाईंची कूस बदलत राहा, कातडी कोरडी ठेव, चादरीला सुरकुती नको. आणि थोडे दिवस चोळणं थांबव. स्पिरिटही नको. कारण सविस्तर नंतर कळवीन.

परेशला सकाळी डिचोलीला कामावर यावंच लागतं, त्याच्या हाती दोन ओळी पाठव.

तुझी वन्सं,
प्रभावती

---

सर्वण,
१० फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

सा. न. पत्र पोचलं. तुम्ही दहा मिनिटं मागितली होती. मी दोनदा वाचलं, म्हणजे वीस झाली.

आईची उजवी बाजू गेली आहे. बोलते ते मला एकटीला कळतं. पेज भरवावी लागते. परवापासून माकडहाडावर लाल डाग दिसतो. सासूबाईंना होता तीच जागा, तसाच डाग. 

तुम्ही माझा शब्द लिहिलात, तुमचा लिहिला नाहीत. मी लिहिते. पंगती उठल्यावर, पेडण्याच्या घरात, चाळीस माणसं असताना तुम्ही म्हणालात, "हिणें आयेची कूस बदलूक नाय. आये हिच्या आळसान कुजली." त्याच्यानंतर मी बोलले ते बोलले.

अकरा महिने मी सासूबाईंचं केलं. तुम्ही घालून दिलेल्या पद्धतीने वहीत लिहीत होते. वेळ, कूस, पाठ, खाणं. त्या दिवशी मी वही आणायला आत गेले. कपाट, माळा, तांदळाचा डबासुद्धा उपसला. मिळाली असती तर चाळीस माणसांपुढे वाचली असती. सगळ्यांना वाटलं वही नव्हतीच.

आता विचारते. लेख तुमच्या बाजूचा मिळाला म्हणता आणि चोळणं थांबव म्हणता. हे कसं? मधे चार दिवस मी सासूबाईंना चोळलं नव्हतं, रडायच्या म्हणून. डाग उतरल्यासारखा वाटला होता. पण तुम्ही रविवारी येऊन रागावलात आणि मी परत सुरू केलं. तुम्ही सिस्टर, मी दहावी. तेव्हा तुमचं ऐकलं तर दोष मला मिळाला. आता ऐकलं आणि डाग फुटला तर कुणाला मिळेल?

कारण लिहा. तोवर माझा हात थांबणार नाही. आईच्या अंगावर मला अंदाज करायचा नाही. काय कागद असेल तो पाठवा.

रूपाली

---

डिचोली,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रूपाली,

तुझं पत्र परेशने आज सकाळी वॉर्डाच्या दारात आणून दिलं. म्हणाला, "ताई, माका वीज खात्यान लाइनमन म्हूण घेतलां, पोस्टमन म्हूण न्हय." मी त्याला दुपारी थांबायला सांगितलंय आणि डबा बाजूला ठेवून हे लिहिते आहे.

आधी कामाचं, बाकी पत्र मागाहून वाच. त्या लाल डागावर बोट हलकं दाब आणि काढ. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल होत असेल तर अजून वेळ आहे. लालच्या लाल राहत असेल तर कातडीखाली इजा सुरू झाली आहे. दोन्हीत चोळायचं नाही. मी आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला आहे, ते आज घरी येऊन बघतील. तोवर आईला त्या डागावर टेकू देऊ नकोस. पाठीमागे उशी देऊन थोडी कलती ठेव, पूर्ण आडवी कूस नको. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. ओलं झालं की लगेच टिपून घ्यायचं, घासायचं नाही. रबराची रिंग कुणी आणून दिली तरी बसवू नकोस. पेजेत अंडं घाल, खात असतील तर मासळी कुस्करून दे.

आता कारण.

तू अचूक पकडलंस. लेख माझ्या बाजूचा आणि सल्ला उलटा, हे जुळत नाही. जुळवायची हिंमत शनिवारी नव्हती. शनिवारी लिहिलं तेव्हाच मला सगळं कळून चुकलं होतं. 'शोध अपुरा' असं लिहिलं ते खोटं.

तो पहिला लेख घेऊन मी गौरवीला फोन लावला, जिंकल्याच्या थाटात. तिने विचारलं, शोधताना काय शब्द टाकले होते? मी वाचून दाखवले, 'बेडसोर टाळण्यासाठी मसाजचे फायदे'. ती हसली. म्हणाली, "सिस्टर, फायदे मागल्यार फायदेच मेळटले मगो. उत्तर तुमीच प्रस्नांत घालून दिलां." मग विचारते, त्या लेखात पेशंट किती होते? अकरा. न चोळलेले किती होते, तुलनेला? एकही नाही. मग चोळल्याने टिकली की कूस बदलल्याने टिकली, हे कुणी आणि कसं ठरवलं?

 एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी विचारलं असतं तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

तिने मला प्रश्न नव्याने मांडायला लावला. पेशंट कोण, करतो काय, ते न करणाऱ्यांशी तुलना, आणि शेवटी मोजायचं काय. चार रकाने. फायदा, तोटा हे शब्दच काढून टाकायचे. मग एकाच दुखण्याला जगात किती नावं आहेत ती सगळी घालायची, कारण कोणी बेडसोर लिहितं, कोणी प्रेशर अल्सर, कोणी प्रेशर इंजुरी, आणि एक नाव सुटलं की त्यामागचे शेकडो कागद सुटतात. मी हेडफोन घालून, मेजावर चष्मा पुसत, दोन बोटांनी टाइप करत होते. तीन दुपारी गेल्या. जिथे नुसता सारांश दिसे आणि पूर्ण लेख कुलपात असे तिथे गौरवी तो मागवून घेई. तिची चिकाटी बघून मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांची आठवण झाली.

शेवटी काय मिळालं ते जसंच्या तसं सांगते, तिखटमीठ न लावता. एक मोठा आढावा मिळाला. असे आढावे करणारे लोक जगातले सगळे अभ्यास गोळा करतात आणि चाळणीला लावतात. चोळण्याने हे घाव टळतात असं सांगणारा, चाळणीवर टिकणारा एकही अभ्यास त्यांना मिळाला नाही. एकही नाही, रूपाली. मी शंभर मुलींना जे शिकवलं त्याच्याखाली जमीनच नव्हती. आणि तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना मिळाल्या, त्यात लिहिलंय की जिथे घाव होण्याची भीती आहे ती कातडी जोराने चोळू नये. आतली नाजूक, आधीच दबलेली मांसपेशी त्याने दुखावू शकते. स्पिरिटने कातडी सुकते ती वेगळीच.

गौरवीने मला बजावलं आहे की 'फायदा सिद्ध नाही' आणि 'अपाय सिद्ध झाला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीची दुसरी करू नका. तेव्हा मीही करत नाही. पण फायदा कुणाला दाखवता आला नाही आणि जाणती माणसं नको म्हणतात, एवढ्यावर मी आज वॉर्डातल्या ट्रॉलीवरून स्पिरिटची बाटली उचलली. हे तुला पटण्याजोगं कारण आहे असं मला वाटतं. कागद सोबत आहेत, तीन पानं. इंग्रजीच्या खाली मी पेन्सिलीने मराठी लिहिलं आहे. माझ्या मराठीवर विश्वास नसेल, आणि नसणारच, तर शाळेतल्या कुणा बाईंकडून वाचून घे.

इथे पत्र संपवलं असतं तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं. पण तू वहीचं लिहिलंस.

वही माझ्याकडे आहे.

परत वाच, मी बरोबर लिहिलंय. तू तांदळाचा डबा उपसत होतीस तेव्हा वही माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स माझ्या मांडीवर. आदल्या दिवशी आईच्या उशाच्या औषधांबरोबर मी ती उचलली होती. त्याच संध्याकाळी वाचली. म्हणजे बाराव्याला मी तुझ्यावर तोंड टाकलं तेव्हा तू काय केलंस आणि मी काय केलं, मला अक्षर न् अक्षर माहीत होतं.

गौरवीने मला विचारलं होतं, सिस्टर, तुमच्या स्वतःच्या वॉर्डाच्या जुन्या नोंदी आहेत का? मी म्हटलं नाहीत. फोन ठेवला आणि घरी जाऊन ट्रंक उघडली. वही तीन वर्षं तळाशी होती, माझ्या जुन्या युनिफॉर्मखाली. आज वॉर्डात मांडणीसाठी बरोबर आणली, आता समोर आहे, त्यातलं उतरवते. तुझंच अक्षर आहे.

"बुध. चोळलं नाही, रडतात. गुरु. चोळलं नाही. डाग तसाच. शुक्र. चोळलं नाही. डाग फिका. शनि. डाग फिका, दाबल्यावर दुखत नाही म्हणतात. रवि. वन्सं आल्या. रागावल्या. चार वाजता पाठ: वन्सं. सहा वाजता: पावडरखाली ओलं लागलं. सकाळी नव्हतं."

तू ओलं लागलं एवढंच लिहिलंस. ते ओलं काय होतं, मला विचार. त्या रविवारी मी रागात होते. दहावी शिकलेल्या भावजयीने माझी पद्धत मोडली याचा राग. तू चुलीपाशी गेली होतीस. मी आईची पाठ उघडी करून जोर लावून चोळायला लागले. आई म्हणाली, "हळू गो प्रभा. माका झोंबता. रूपालीक बोलाव." मी म्हटलं, रूपालीने लाड केले म्हणून तर हे झालं. आणि आणखी दोन हात चोळलं. तेव्हा माझ्या तळहाताखाली कातडी सरकली. निसटली. नर्सला ते कळतं, बघावं लागत नाही. मी बघितलंही. वर भरपूर पावडर टाकली, झंपर खाली ओढला आणि तुला म्हणाले, आज परत उघडू नकोस, सुकू दे. साडेचारच्या बसने निघायचं असं सांगून बाहेर पडले, खरं तर बस पाचची होती. तुझ्याकडे बघवत नव्हतं.

आई त्या घावानेच गेली असं मी म्हणत नाही. ऐंशी वर्षं, मोडलेला खुबा, त्यात अकरा महिने खाटेवर. पण पहिली कातडी माझ्या हाताने फाटली आणि तुझ्या आळसाने फाटली असं मी चाळीस माणसांना सांगितलं. वही लपवून तुझ्या आधी मी बोलले नसते तर तू ती वाचली असतीस, आणि मग सगळे माझ्याकडे वळले असते. डिचोलीच्या सिस्टरकडे, जिला घरातला माणूस शिंकला तरी फोन येतो. मला ते सोसलं नसतं. म्हणून तुला सोसायला लावलं.

एका पेशंटवरून सिद्धांत होत नाही, असं गौरवी म्हणते आणि ते खरं आहे. तुझी वही मी लायब्ररीच्या कागदांत मोजत नाही. पण एका बाईवरचा आळ काढायला तेवढी वही पुरते. ती या पाकिटात आहे. तुझी होती, तुझ्याकडे जावी.

काय केलं आणि काय करणार ते लिहिते, म्हणजे नुसतं रडगाणं झालं असं वाटायला नको. आज सकाळी वॉर्डात सगळ्यांसमोर माझी मांडणी झाली. कागद वाचून दाखवले. मग म्हटलं, आता एक पेशंट सांगते, वय ऐंशी, आणि आईचं नाव घेतलं. चोळणारीचंही नाव घेतलं. मेट्रन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सिस्टर, तीन महिन्यांत घरी जाताय, कशाला उकरून काढता? मी म्हटलं, तीनच महिने आहेत म्हणून. सेजलची माफीही मागितली, त्याच चार खाटांसमोर. ती बिचारी गोरीमोरी झाली.

शिगम्याला सगळे पेडण्याला जमतील. जेवणं उठली की मी उभी राहणार आणि ही वही वाचणार. तू पाठवलीस तर. नाही पाठवलीस तर मला पाठ आहे. परेशला आज सांगितलं आहे. त्याने कान चोळला नाही. म्हणाला, "तिका आदी सांग." म्हणून हे आधी तुला.

क्षमा कर असं मी लिहिणार नाही. ते मागण्याचा हक्क मिळवायला अजून कामं आहेत. तुझ्या आईची पाठ शाबूत राहिली पाहिजे, हे पहिलं. एकदा आपल्या घरात माझ्या शब्दावर विश्वास ठेवून एक पाठ गेली. म्हणून सांगते, मी सिस्टर आहे म्हणून चोळणं थांबवू नकोस. कागद वाच, तुझी वही वाच, डाग दाबून बघ, आणि तुला पटलं तर थांबव. त्या बुधवारी तू हात थांबवलास ना, तेव्हा तुझ्याकडे ना लायब्ररी होती ना लॉगिन. तू नुसतं माझ्या आईचं रडणं ऐकलंस आणि डागाकडे बघितलंस. मी दोन्ही केलं नाही.

उद्या दोन वाजता माझी ड्यूटी सुटते. अडीचला मी सर्वणात असेन. तुमच्या दारातल्या सोप्यावर बसेन. आत बोलावलं नाहीस तर तिथूनच काय हवं-नको विचारून परत येईन, आणि परवा परत येईन, तेरवाही येईन. बोलावलंस तर तुझा शब्द मोडणार नाही. जानकीबाईंना माझा हात लागणार नाही. दुकानातून एक कोरी वही घेतली आहे, दोनशे पानी.

आता कूस तू बदल. वेळ मी लिहीन.

तुझी,
प्रभा